गॅस खाली बसतो: जुन्या शिडाच्या बोटीतला गॅसचा कप्पा आणि आपला घनतेचा धडा



घनता शिकवताना आपली उदाहरणं ठरलेली असतात. तेल पाण्यावर तरंगतं, खिळा बुडतो, बर्फ तरंगतो. वायूंची घनता मात्र आपण एका वाक्यात उरकतो, कारण वायू दिसत नाही आणि न दिसणारी गोष्ट फळ्यावर काढणंही अवघड. 'एलपीजी हवेपेक्षा जड असतो' हे वाक्य मुलं पाठ करतात, त्याचा एक गुण घेतात आणि विसरून जातात.

यंदा हे वाक्य मी एका बोटीच्या मदतीने शिकवलं. अमेरिकेत मेरीलँड राज्यात चेसापीक बे नावाची मोठी खाडी आहे आणि तिच्या काठावरचं अ‍ॅनापोलिस हे शहर शिडाच्या बोटींसाठी नावाजलेलं आहे. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त त्या भागात असतो. त्याने १९७८ साली बांधलेली, तीस फुटी फायबरग्लासची एक बोट घेतली आहे आणि शनिवार-रविवार ती दुरुस्त करत बसतो. शिडं, दोर, रंग ही कामं त्याला अपेक्षितच होती. पण सगळ्यात आधी त्याला हात घालावा लागला तो स्वयंपाकाच्या गॅसच्या कप्प्याला. तो फोटो पाठवत गेला, मी प्रश्न विचारत गेले, आणि त्यातून आठवी-नववीसाठी तीन तासिकांचा पाठ तयार झाला. शिडाची बोट मुलांनी पाहिलेली नसली तरी अडत नाही. सिलिंडर प्रत्येकाच्या घरात आहे.

बोट म्हणजे एक मोठं पातेलं

घरात गॅस गळला तर तो जमिनीलगत पसरतो आणि दाराखालच्या फटीतून, गॅलरीतून, जिन्यावरून थोडा तरी बाहेर वाहून जातो. बोटीत अशी फट नसते. असती तर बोट बुडाली असती! बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून जी वस्तू बनवली, ती आत सांडलेलं काहीही बाहेर जाऊ देत नाही. पातेल्यात ओतलेलं पातेल्यातच राहतं.

आता त्या पातेल्याच्या तळाशी काय असतं ते बघा. बोटीच्या पोटातल्या सगळ्यात खालच्या जागेला बिल्ज म्हणतात. झिरपलेलं पाणी तिथे जमतं, म्हणून ते उपसणारा विजेचा पंप तिथेच. इंजिन खाली, बॅटऱ्याही खाली, कारण वजन तळाशी असलं की बोट स्थिर राहते. म्हणजे ठिणगी पाडू शकणाऱ्या बहुतेक वस्तू नेमक्या तिथे, जिथे गळलेला गॅस जाऊन बसणार.

तो तिथेच का जाणार? हे मुलांकडूनच काढून घ्या. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ आणि हायड्रोजनचे ८ अणू असतात. ३ × १२ + ८ × १ = ४४. हवेचा सरासरी रेणुभार साधारण २९. म्हणजे प्रोपेन हवेच्या दीडपट जड. ब्युटेनमध्ये कार्बन ४, हायड्रोजन १०, म्हणून ५८, हवेच्या दुप्पट. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये या दोघांचं मिश्रण असतं. अमेरिकेत बोटीवर बहुतेक निव्वळ प्रोपेन वापरतात. त्याचं एक कारण थंडी. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळायचाच थांबतो, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत उकळत राहतो.

मग हे गणित द्या. बिल्जमध्ये एक घनमीटर, म्हणजे १००० लिटर हवा आहे असं समजा. प्रोपेन हवेत साधारण २.१ टक्क्यांपासून ९.५ टक्क्यांपर्यंत असला तरच पेट घेतो. २.१ टक्के म्हणजे २१ लिटर वायू. द्रवरूप प्रोपेनचा वायू झाला की तो सुमारे २७० पट जागा व्यापतो. २१ भागिले २७०, म्हणजे ०.०७८ लिटर, ७८ मिलिलिटर. एक कटिंग चहा! सिलिंडरमधला एवढाच द्रव बाहेर पडून तळाशी मिसळला, की ठिणगीची वाट बघणं सुरू. हे उत्तर फळ्यावर येतं तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो.

याच ठिकाणी एखादी मुलगी हात वर करते आणि विचारते (दरवर्षी कुणीतरी विचारतंच), "बाई, ऑक्सिजन ३२ आणि नायट्रोजन २८, मग हवेत ऑक्सिजन खाली आणि नायट्रोजन वर असं का नाही?" हा प्रश्न टाळू नका. पाठ्यपुस्तकातलं 'जड वायू खाली बसतो' हे वाक्य इथे अर्धवट पडतं. एकदा नीट मिसळलेले वायू परत वेगळे होत नाहीत. रेणू इतक्या वेगाने धडकत असतात की गुरुत्वाकर्षण त्यांना खोलीभर उंचीत वेगळं काढू शकत नाही. गळणारा गॅस मात्र अजून मिसळलेला नसतो. तो गठ्ठ्याने बाहेर येतो, त्यात बहुधा थंडही असतो, म्हणून पाण्यासारखा खाली वाहतो आणि खळग्यात साचतो. नंतर तो हळूहळू मिसळतोच. पण शंभर टक्क्यांपासून शून्याकडे जाताना त्याला ९.५ ते २.१ या पट्ट्यातून जावंच लागतं, आणि वारा नसेल तर तिथे तो बराच वेळ रेंगाळतो. मुलांना हे पटतं. मला तर वाटतं, या एका प्रश्नासाठी संपूर्ण तासिका गेली तरी ती सत्कारणी लागली.

आणखी एक गंमत सांगते. बोटीत गॅस साचल्याची शंका आली तर जाणते नाविक विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. झडपा-खिडक्या उघडतात आणि हाताने चालवायच्या पंपाने, नाहीतर चक्क बादलीने तळातली 'हवा' उपसून समुद्रात ओततात. रिकामी बादली उपसायची हे ऐकून वर्गात हशा पिकतो. हसू द्या. मग विचारा, हे का चालत असेल?

जुन्या बोटीत काय सापडलं

त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन बोटींवर मुळात गॅस नसायचाच. स्पिरिटचा स्टोव्ह असायचा, कारण पेटलेलं स्पिरिट पाण्याने विझवता येतं असा त्यामागचा विचार. पण त्याची आच मंद, वास नकोसा, आणि भडका उडायचा तो वेगळाच. पुढच्या मालकांनी स्टोव्ह काढून गॅसची शेगडी बसवली. शेगडी सहज बदलता आली, पण सिलिंडरसाठी जागा बोटीच्या मूळ आराखड्यातच नव्हती. मग तो जिथे मावला तिथे बसला.

या बोटीत तो कॉकपिटच्या बाकाखाली होता. कॉकपिट म्हणजे मागची उघडी जागा, जिथे बसून सुकाणू धरतात. बाकाचं झाकण उघडलं की आत दोर, जुनी शिडं, तेलाचे डबे आणि त्यांच्यात सिलिंडर. कुणीतरी मध्ये प्लायवुडची भिंत घालून वेगळा कप्पा केला होता, पण तो नावापुरता. भिंतीच्या कडांना भेगा. गॅसची नळी भिंतीतून जिथे आत जाते तिथलं भोक नळीच्या दुप्पट मोठं. झाकणाखालचा रबर वाळून तुटलेला. खाऱ्या हवेने रेग्युलेटर पोपडे आल्यासारखा गंजलेला. वायरींचे जोड पीळ देऊन टेप गुंडाळलेले, तेही कप्प्याच्या आतच.

कप्प्याला खाली बाहेर जाणारी वाट होती. तळाच्या भोकातून निघालेला पाइप बोटीच्या मागच्या बाजूला बाहेर निघत होता. वरून बघणाऱ्याला सगळं ठीक वाटलं असतं. पण मधल्या भागात तो पाइप झोळीसारखा खाली लोंबत होता आणि त्या झोळीत पावसाचं पाणी भरलेलं होतं. आपल्या बेसिनखाली वाकडा पाइप असतो ना, गटाराचा वास वर येऊ नये म्हणून पाणी धरून ठेवणारा? अगदी तेच. वास अडवणारं पाणी गॅसही अडवतं. म्हणजे वाट होती आणि बंद होती, आणि ती बंद आहे हे कुणाला कळायला मार्ग नव्हता. या पाठातली सगळ्यात शिकवण्याजोगी गोष्ट मला हीच वाटली, म्हणून पुढे प्रयोगातही घेतली आहे.

दुरुस्ती, आणि प्रत्येक कृतीमागचं 'का'

बोटींच्या बांधणीचे मानक नियम करणारी अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल ही संस्था १९५४ साली स्थापन झाली आणि तिचं कार्यालय अ‍ॅनापोलिसलाच आहे. गॅससाठी तिचा ए-१ हा नियम आहे. तो काही सरकारी कायदा नव्हे, पण बोटीची तपासणी करणारे आणि विमा देणारे त्याच्याकडे बोट दाखवतात. त्यातल्या मुख्य अटी थोडक्यात अशा: कप्पा बोटीच्या आतल्या भागापासून पूर्ण हवाबंद हवा. तो फक्त वरून, उघड्या हवेतच उघडला पाहिजे. तळाला बाहेर जाणारी वाट हवी, तिचा आतला व्यास किमान अर्धा इंच. ती बाहेर जिथे निघते तिथून बोटीच्या आत जाणारी कुठलीही खिडकी किंवा झडप किमान २० इंच, म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटर लांब हवी.

हे नियम मुलांना पाठ करायला देऊ नका. एकेक अट सांगा आणि 'हे नसतं तर?' एवढंच विचारा. तळाऐवजी वर भोक ठेवलं तर? बाहेर निघालेला गॅस खिडकीतून परत आत आला तर? चारही अटी एकाच आकड्यातून निघतात, हवेच्या २९ समोर असलेल्या ४४ मधून, हे मुलं आपण होऊन सांगतात.

त्याने जुनी भिंत काढून टाकली आणि प्लायवुडचा नवा खोका बनवला. आतून-बाहेरून फायबरग्लासचं कापड आणि इपॉक्सी. कोपऱ्यांत इपॉक्सीची गोलाई भरली, म्हणजे भेग पडायला काटकोनच राहिला नाही. (मुलांना एम-सील माहीत असतं. तेही दोन भाग मिसळून घट्ट होणारं इपॉक्सीच, हे सांगितलं की बोट एकदम जवळची वाटते.) वायर बाहेर काढायला रबराने आवळणारी ग्लँड बसवली, नळीसाठीही तशीच. शेगडीपर्यंत जाणारी नळी सलग, मध्ये एकही जोड नाही. जोड म्हणजे गळतीची शक्यता. म्हणून जोड असायचे ते कप्प्याच्या आत, नाहीतर शेगडीपाशी, जिथे डोळ्यांना दिसतील.

खोक्याचा तळ उताराचा करायचा आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात भोक पाडायचं. सोपं वाटतं ना? आता मुलांना विचारा, शिडाच्या बोटीत सगळ्यात खालचा कोपरा कोणता? वारा शिडात भरला की बोट एका कुशीवर कलते, वीस अंश सहज. दिशा बदलली की दुसऱ्या कुशीवर. मघाचा खालचा कोपरा आता वर! शिवाय बाहेरचं तोंड कडेला असलं तर कलल्यावर ते पाण्याखाली जाणार, आणि गॅस बाहेर जायच्या ऐवजी समुद्र आत येणार. म्हणून वाट शक्यतो मधल्या रेषेजवळ ठेवायची, बोटीच्या मागच्या उभ्या पाठीतून पाण्याच्या बरीच वर काढायची, आणि पाइप सबंध लांबीत खालीच उतरत गेला पाहिजे, कुठे झोळी नको. आमच्या वर्गातल्या मुलांनी यासाठी खोक्याऐवजी पाण्याची अर्धी बाटली आडवी धरून हलवून पाहिली. बुडबुडा कुठे पळतो त्यावरून वरचा कोपरा कळतो. त्याच्या विरुद्ध तो खालचा.

खोका तयार झाल्यावर त्याने त्यात बादलीभर पाणी ओतलं. सगळं पाणी बाहेर समुद्रात पडलं का? बोटीच्या आत एक थेंब तरी आला का? झालं, तपासणी संपली. पाणी हवेपेक्षा जड, गॅसही हवेपेक्षा जड. पाण्याला सापडलेली भेग गॅसला सापडणारच. अर्थात पाणी न झिरपणाऱ्या बारीक भेगेतून गॅस जाऊ शकतो, म्हणून ही पहिली चाचणी समजायची, शेवटची नाही.

सुधारणा म्हणून त्याने एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला. विद्युतचुंबकाचा धडा इथे आयता मिळतो. वीज चालू असेपर्यंत चुंबक झडप उघडी धरतो. वीज गेली की स्प्रिंग ती बंद करते. बटण शेगडीजवळ, पण अशा जागी की ज्वाळेवरून हात न्यावा लागू नये. मुलांना विचारा, वीज असताना बंद आणि नसताना उघडी अशी उलट झडप का नाही बनवली? माझं स्वतःचं मत असं की या बटणाचा खरा उपयोग आळसावर आहे. हलत्या बोटीत दर वेळी बाहेर जाऊन, बाक उघडून सिलिंडर बंद करायचा कंटाळा येतो. आपल्याकडे रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायची आजीची सवय याच जातीची. फरक एवढाच की आजीला वाकावं लागतं.

काटा काय सांगतो

कप्प्यात दाबमापक असतो. मुलांना विचारलं तर ती खात्रीने सांगतात, "गॅस किती उरलाय ते बघायला." तसं नाही. सिलिंडरमध्ये द्रव शिल्लक आहे तोवर वरच्या वायूचा दाब फक्त तापमानावर ठरतो. २१ अंशांना प्रोपेनचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे साडेसात बार जास्त असतो, मग सिलिंडर भरलेला असो की तळाशी चार कप द्रव उरलेला असो. काटा तिथेच. गॅस किती उरला हे वजनावरूनच कळतं.

मग दाबमापक कशाला? गळती शोधायला. शेगडीच्या खटक्या बंद ठेवायच्या, सोलेनॉइड चालू करायचा, सिलिंडर उघडायचा, काटा वर गेला की सिलिंडर बंद करायचा. आता पंधरा मिनिटं थांबायचं. काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. सिलिंडर बंद का करायचा, हा प्रश्न मुलांवर सोपवा. तो उघडा राहिला तर जेवढा वायू गळेल तेवढा द्रव उकळून भर घालत राहील आणि काटा जागचा हलणार नाही. गळती झाकली जाईल. उत्तर स्वतः सापडलं की मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्यासाठी आपण शिकवतो.

रेग्युलेटर किती दाब उतरवतो तेही दाखवण्यासारखं आहे. साडेसात बार म्हणजे ७५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ, पंचवीस मजली इमारतीएवढा. रेग्युलेटरच्या पलीकडे उरतात पाण्याचे ११ इंच, म्हणजे २८ सेंटिमीटर. आपल्या घरच्या रेग्युलेटरचा दाबही साधारण ३० सेंटिमीटर पाण्याएवढाच. पारदर्शक नळी यू आकारात धरून, रंगीत पाणी भरून एका बाजूने हलकेच फुंकायला सांगा. दोन पातळ्यांत पट्टीभर फरक पडला की शेगडीला मिळणारा दाब तो.

काटा उतरला तर गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसाने शोधायचं. प्रत्येक जोडाला फेस लावा, बुडबुडा फुगला की सापडली. साबण अमोनिया नसलेला घ्यायचा, कारण अमोनियाने पितळी जोडांना तडे जातात. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही आहेत. त्यांच्याबद्दल वर्गात स्पष्ट बोला, अगदी घरातल्या काकांनी केलं असेल तरी.

वासाची गोष्ट

प्रोपेनला स्वतःचा असा ओळखू येणारा वास नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा, अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला झोंबणारा. हा नियम कुठून आला हे शिक्षकांनी माहीत करून घ्यायला हवं. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावातल्या शाळेत गॅसचा स्फोट झाला. सुमारे ३०० विद्यार्थी आणि शिक्षक दगावले. इमारत तापवण्यासाठी वापरलेला नैसर्गिक वायू इमारतीखालच्या बंद पोकळीत साचत राहिला होता, आणि त्याला वास नसल्याने कुणालाच कळलं नाही. त्यानंतर गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा टेक्सासने केला आणि पुढे ती पद्धत सर्वत्र गेली.

नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, रेणुभार १६, हवेपेक्षा हलका. तरीही तो साचला, कारण जागा बंद होती. मुंबई-पुण्यात ज्यांच्याकडे पाइपचा गॅस आहे त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. त्यांचा गॅस वर जातो, म्हणून वरची खिडकी उघडी हवी आणि गळती ओळखणारं यंत्र छताजवळ. सिलिंडरवाल्यांचं यंत्र जमिनीजवळ. बोटीत ते तळाशी बसवतात. वासावर सगळं सोडता येत नाही. सर्दी झालेल्याला, म्हाताऱ्या माणसाला तो येईलच असं नाही, आणि जुन्या बोटीच्या तळाला आधीच इतके वास असतात की एखादा जास्तीचा लक्षातही येत नाही.

वर्गातला प्रयोग

गॅस वर्गात आणायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. पण निसर्गाने आपली सोय करून ठेवली आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार १२ + ३२, म्हणजे ४४. प्रोपेनचाही ४४! तितकाच जड, पण पेट घेत नाही, उलट मेणबत्ती विझवतो.

एक मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. तळालगत एका बाजूला भोक पाडून अर्ध्या इंची पाइपचा तुकडा घट्ट बसवा, फटी मातीने किंवा एम-सीलने बुजवा. डबा टेबलाच्या कडेवर ठेवा, पाइप खाली उतरता सोडा आणि त्याच्या तोंडापाशी पेटती मेणबत्ती ठेवा. डब्यात एका उंच भांड्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका आणि त्यावर दीड-दोन कप व्हिनेगर हळूहळू ओता. डब्याचं झाकण उघडंच ठेवा. झाकण लावलं तर वायू स्वतःच्या दाबाने बाहेर पडेल आणि तो वजनामुळे वाहतो हे सिद्ध होणार नाही. पंखे बंद, मेणबत्तीजवळ मोठं माणूस. थोड्या वेळात ज्योत लवते आणि विझते. डब्यातून काही बाहेर येताना दिसत नाही, म्हणून मुलं पुन्हा पुन्हा करायला लावतात.

मग तळाचं भोक बुजवून पाइप वरच्या कडेजवळ बसवा. मेणबत्ती जळत राहते. मग पुन्हा खाली बसवा, पण या वेळी पाइपला मध्ये झोळी द्या आणि तिथे दोन-तीन चमचे पाणी घाला. मेणबत्ती जळतच राहते. त्या १९७८ च्या बोटीत नेमकं हेच झालं होतं, आणि हे सांगायची वेळच येत नाही, मुलं आधीच ओरडतात.

आपल्याकडे बघताना

कोकणच्या किनाऱ्यावर ट्रॉलरवर खलाशी दिवसेंदिवस राहतात, गॅसवर जेवण करतात. रत्नागिरी, मालवण, हर्णैकडच्या शिक्षकांच्या वर्गात त्यांची मुलं असतील. त्यांना विचारा, सिलिंडर बोटीत कुठे ठेवतात? डेकवर की खाली? त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते आणि वर्गात ती सांगायची संधी क्वचित मिळते.

बाकीच्यांसाठी शाळेची पोषण आहाराची खोली आहेच. सिलिंडर उभा आहे का? आडवा पडला तर वायूऐवजी द्रव बाहेर येतो आणि एक लिटरचे २७० लिटर होतात. शेगडी सिलिंडरपेक्षा उंच आहे का? सिलिंडर बंद कपाटात असेल तर कपाटाला खाली जाळी आहे का, की फक्त वर? खोलीची जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा खोल आहे का? रात्री सगळं कुलूपबंद करून गेल्यावर गळलेला गॅस कुठून बाहेर जाईल? मुख्याध्यापकांना हे प्रश्न लेखी द्यायला हरकत नाही. एखाद्या दाराला खाली दोन इंचांची जाळी बसवायला फार खर्च येत नाही.

पालकांसाठी गृहपाठ. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे आकडे वर्षाचे. त्या तिमाहीत त्या सिलिंडरची चाचणी व्हायची असते. तारीख उलटलेली असेल तर तो घेऊ नका, बदलून मागा. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची, तिच्यावरचं वर्ष वाचा. गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक फ्रिजवर चिकटवा. पण गॅसचा वास येत असेल तर त्या खोलीत फोन करू नका, दिव्याच्या बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन फोन करा.

मुलांना मात्र एक चित्र काढायला सांगा. आपल्या घराचा नकाशा, त्यात सिलिंडर, आणि गळलेला गॅस कुठून कुठे वाहत जाईल ते बाणांनी दाखवायचं. उंबरे, पायऱ्या, मोरी, खाली घातलेलं अंथरूण, जमिनीलगतचा प्लगपॉइंट, फ्रिज, सगळं दाखवायचं. आमच्या वर्गातल्या एका चित्रात शेवटचा बाण देव्हाऱ्यापाशी गेला होता. तो जमिनीवर होता आणि समोर समई तेवत होती. त्या घरात देव्हारा आता भिंतीवर गेला आहे.